मोनेलला हवा मानवत नाही

गेल्या अंकात निकेलच्या मिश्रधातूंबद्दल लिहिताना मी जाता जाता म्हणाले होते की मोनेलला हवा मानवत नाही. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळी पितळ आणि कल्हईचे प्रश्न बाजूला ठेवावे लागले. कल्हईवाल्यांनी रागावू नये, पुढचा अंक त्यांचा.

ज्यांनी मोनेल पाहिला नाही त्यांच्यासाठी: साधारण दोन भाग निकेल आणि एक भाग तांबं. नेमकं सांगायचं तर मोनेल ४०० या नेहमीच्या जातीत निकेल किमान ६३ टक्के, तांबं २८ ते ३४ टक्के, लोखंड अडीच टक्क्यांच्या आत, मँगॅनीज दोनच्या आत, आणि थोडं सिलिकॉन व कार्बन. क्रोमियम नाही. खालची अर्धी उत्तरं या 'क्रोमियम नाही'वरच उभी आहेत.

प्रश्न: आमच्या स्क्रबरच्या, म्हणजे वायू धुणाऱ्या टॉवरच्या, फिरत्या पाण्यात दोन-तीन टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. पंपाचा ३१६ स्टेनलेस स्टीलचा शाफ्ट एक पावसाळाही काढत नाही. एक सप्लायर मोनेल घ्या म्हणतो, दुसरा हॅस्टेलॉय, म्हणजे निकेलचाच दुसरा मिश्रधातू. मोनेल स्वस्त पडतोय. घेऊ का?
— मेंटेनन्स सुपरवायझर, लोटे

घेऊ नका. सप्लायरने तक्ता दाखवला असेल आणि त्यात 'विरल हायड्रोक्लोरिक: चांगला' असं असेलही. पण त्याच तक्त्याच्या तळटीपेत 'हवा नसताना' असं छापलेलं असतं. तळटीप वाचायची सवय आपल्याकडे खरेदी विभागालाही नाही आणि मेंटेनन्सलाही नाही.

धातू ॲसिडात विरघळतो तेव्हा तो इलेक्ट्रॉन सोडतो, आणि ते घ्यायला समोर कुणीतरी लागतं. लोखंड ॲसिडात टाकलं की ॲसिडातला हायड्रोजनच ते घेतो, म्हणून बुडबुडे दिसतात. तांब्याकडून हायड्रोजनला ते घेता येत नाहीत, आणि निकेलकडून तो फार सावकाश घेतो. त्यामुळे नुसत्या विरल, थंड ॲसिडात मोनेल बराच काळ तग धरतो. पाण्यात ऑक्सिजन विरघळला की चित्र बदलतं. तो इलेक्ट्रॉन भराभर उचलतो आणि धातू झिजायला लागतो. फेरिक क्षार (हवेने आणखी इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाचे), नायट्रिक ॲसिड, ओला क्लोरीन, ब्लीच ही मंडळी तेच काम ऑक्सिजनपेक्षा जोरात करतात.

आता तुमचा स्क्रबर बघा. ब्लोअर हवा ओढतो, ती टॉवरमधल्या भरणातून (पॅकिंगमधून) वर चढते आणि वरून पाणी पडतं. ॲसिडात हवा मिसळायची म्हटली तर याहून चांगली सोय करता येणार नाही. शिवाय झिजलेल्या शाफ्टचं लोखंड त्याच पाण्यात फिरतंय, हवेने ते फेरिक होतं. पाणी पिवळसर झालंय का ते पाहा. झालं असेल तर मोनेलचा विचारही सोडा.

हॅस्टेलॉय सी-२७६ टिकेल. त्यात मॉलिब्डेनम १५ ते १७ टक्के, क्रोमियम १४.५ ते १६.५ टक्के आणि वर थोडं टंगस्टन असतं. मॉलिब्डेनम नुसत्या ॲसिडाला तोंड देतं, क्रोमियम हवेला आणि फेरिकला. पण माझा प्रश्न वेगळाच आहे: पाणी जर कोमट असेल तर धातू हवाच कशाला? पॉलिप्रॉपिलिनचा, मॅग्नेटिक ड्राइव्हचा पंप बसवा, ज्यात धातूचा शाफ्ट पाण्याला लागतच नाही. धातू विकणाऱ्याला विचारलंत, त्याने धातू सांगितला. त्याची चूक नाही.

प्रश्न: हायड्रोफ्लोरिक ॲसिड काच खातं, मग मोनेलमध्ये कसं राहतं? सरांनी 'फ्लोराइडचा थर' एवढंच सांगितलं आणि पुढचा मुद्दा घेतला.
— केमिकल इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, मुंबई

तुझे सर बरोबर आहेत, फक्त तास संपत आला असेल. काचेतल्या सिलिकाशी हे ॲसिड भिडलं की सिलिकॉन टेट्राफ्लोराइड तयार होतं. तो वायू आहे, निघून जातो, आणि काचेचा नवा पृष्ठभाग पुन्हा उघडा पडतो. निकेलचं फ्लोराइड उडून जात नाही आणि सहज विरघळतही नाही. ते जागेवर चिकटून बसतं. फ्लोरीन वायूच्या नव्या पाइपलाइनीत तर विरळ केलेला फ्लोरीन सुरुवातीला हळूहळू सोडून हा थर मुद्दाम धरवतात आणि मगच लाइन कामाला लावतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी म्वासाँने १८८६ मध्ये पहिल्यांदा फ्लोरीन वेगळा केला तेव्हा त्याने प्लॅटिनमची उपकरणं वापरली होती. त्याला नोबेल मिळालं १९०६ मध्ये, आणि मोनेलचं पेटंटही त्याच वर्षीचं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, पण पुढे फ्लोरीनच्या कामांत प्लॅटिनमची जागा निकेल आणि मोनेलनेच घेतली.

दुसरं कारण वर लोट्याच्या उत्तरात आलंय. हायड्रोफ्लोरिक कितीही भयंकर असलं तरी ते ऑक्सिडायझिंग नाही, म्हणजे ऑक्सिजनसारखं भराभर इलेक्ट्रॉन उचलत नाही. त्यामुळे हवा नसेल तर मोनेल ४०० ते कुठल्याही तीव्रतेचं, अगदी उकळत्या तापमानापर्यंतचं सोसतो. असं म्हणता येईल असे धातू फार थोडे आहेत.

याचा उपयोग कुठे होतो? रिफायनरीत पेट्रोलचा ऑक्टेन वाढवणारं अल्किलेट ज्या युनिटांत करतात, त्यांतल्या बऱ्याच युनिटांत हेच ॲसिड उत्प्रेरक असतं. आणि तुझ्या घरी कपड्यांच्या पावडरीत जे फेस आणणारं रसायन आहे, त्याचा कच्चा माल म्हणजे लिनियर अल्किल बेंझिन, तेही कित्येक वर्षं याच ॲसिडाच्या साहाय्याने होत आलं. नव्या प्रकल्पांत घन उत्प्रेरक आलेत, पण जुनी युनिटं चालू आहेत. तिथे सगळं मोनेलचं नसतं, परवडणारच नाही. तीव्र ॲसिड थंड असेल तिथे साधं कार्बन स्टील चालतं, त्यावरही फ्लोराइडचा थर धरतो. जिथे ॲसिड गरम होतं किंवा त्यात पाणी येतं, तिथे मोनेल: ॲसिड शुद्ध करणाऱ्या कॉलमचं आतलं अस्तर, व्हॉल्व्हचे स्पिंडल (उघडझाप करणारे दांडे) आणि सीट, उपकरणांच्या बारीक नळ्या.

आता पुस्तकात दोन ओळींत उरकलेली गोष्ट. याच ॲसिडाची ओली वाफ आणि हवा एकत्र आली की ताणाखाली असलेल्या मोनेलला तडे जातात. युनिट चालू असताना हवा आत नसतेच. धोका शटडाउनला असतो, व्हॉल्व्ह उघडतात तेव्हा. म्हणून उघडण्याआधी सोडा ॲशच्या द्रावणाने ॲसिड मारायचं, धुवायचं, आणि वेल्ड केलेल्या किंवा थंड वाकवलेल्या भागांचा ताण आधीच उष्णता-प्रक्रियेने काढून ठेवायचा. मी इन्स्पेक्शनला होते तेव्हा असा एक स्पिंडल टेबलावर आला होता. साफ केलेला, चकचकीत, मायक्रोमीटरने मापात. डाय पेनेट्रंट, म्हणजे चिरांत शिरणारा लाल रंग, मारलं, पुसलं, पांढरा डेव्हलपर फवारला आणि थांबलो. हळूहळू आट्यांच्या मुळाशी लाल रेघा उमटायला लागल्या, एक आडवी, मग तिला फुटलेल्या दोन. झीज जवळपास शून्य, आणि तरी तो स्पिंडल भंगारात. धातू किती पातळ झाला एवढंच मोजणाऱ्यांना हा प्रकार सापडत नाही.

आणि प्रोजेक्टसाठी प्रयोगशाळेत हे ॲसिड वापरणार असशील तर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी आहे का ते आधी बघ. विरल ॲसिड त्वचेवर पडलं तर लगेच दुखतही नाही. ते आत शिरतं आणि शरीरातलं कॅल्शियम पकडतं. जेल नसेल तर बाटली उघडायची नाही, गाइड काहीही म्हणोत.

प्रश्न: मोनेलला हवा मानवत नाही म्हणता, मग आमच्या ऑक्सिजनच्या हाय प्रेशर लाइनवर मोनेलचे व्हॉल्व्ह कसे? लिहिण्याआधी विचार करत जा.
— पोलाद कारखान्यातले ऑपरेटर, रायगड जिल्हा

केला होता. तुमच्या लाइनमध्ये ऑक्सिजन आहे, पण कोरडा. पाणी नाही, ॲसिड नाही, म्हणजे वर सांगितलेली देवाणघेवाण घडायला माध्यमच नाही. तिथली भीती गंजाची नसून आगीची आहे. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये वेगाने येणारा एखादा लोखंडी कण कोपऱ्यावर आपटला तर ठिणगी पडते आणि स्टील स्वतःच जळायला लागतं. निकेल-तांब्याचा हा मिश्रधातू तिथे पेट घेत नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून जिथे प्रवाह कोंडतो, वळतो, आपटतो, म्हणजे व्हॉल्व्ह आणि गाळणीच्या जागी, मोनेल लावतात आणि सरळ पाइप स्वस्त धातूचा ठेवतात. तेल-ग्रीसचं बोट लावू नका एवढं तुम्हाला सांगायला नकोच.

पण टोचलंत ते आवडलं. 'हवा मानवत नाही' याला 'ॲसिडात' हा शब्द जोडून वाचा.

प्रश्न: माझं छोटं वर्कशॉप आहे. मोनेलचे स्पिंडल कातायची ऑर्डर घेतली आणि पस्तावलो. टूल जळतं, जॉब मध्येच कडक होतो. काही बुश वेल्ड करायच्या होत्या, त्यांना वेल्डच्या मध्यभागी चीर गेली. मटेरियल खराब आलंय का?
— वर्कशॉप मालक, भोसरी

मटेरियल बहुतेक चांगलं आहे. मोनेलला माइल्ड स्टीलसारखं वागवलंत तर तो असाच वागतो.

कातताना काय होतं ते सांगते. हा धातू चिवट आहे आणि दाबला की लगेच कडक होतो. टूलची धार बसलेली असेल तर ती कापत नाही, घासते. घासलं की वरचा पातळ थर कडक होतो, पुढच्या फेरीत टूल त्या कडक थरावरून जातं, आणखी घासतं, आणि मग तुम्ही म्हणता तसं टूल जळतं. त्यामुळे धार कायम ताजी आणि पुढे झुकलेली, म्हणजे पॉझिटिव्ह रेकची. वेग कमी, फीड बऱ्यापैकी, आणि कापाची खोली इतकी की टूलचं टोक मागच्या फेरीने कडक केलेल्या थराच्या खाली जाईल. अगदी केसभर काप घेऊन 'हळूहळू मापाला आणू' हा विचार इथे घात करतो. आणि जॉब फिरत असताना फीड थांबवून टूल तसंच टेकवून ठेवायचं नाही. चहा आला तर आधी टूल मागे घ्या. कूलंट भरपूर सोडा.

बार कुठल्या अवस्थेत घेतला तेही पाहा. पूर्ण मऊ केलेला बार चिकट कापतो, चिपा टूलला लगटतात. थंड ओढून ताण काढलेला बार जास्त स्वच्छ कापतो. ऑटो लेथवर खूप नग काढायचे असतील तर आर-४०५ नावाची जात मिळते, तिच्यात थोडं गंधक मुद्दाम घातलेलं असतं म्हणून चीप तुटते. आणि ड्रॉइंगवर के-५०० असेल तर तो वेगळा प्राणी आहे. त्यात ॲल्युमिनियम सुमारे तीन टक्क्यांपर्यंत आणि किंचित टायटॅनियम असतं, आणि सुमारे ६०० अंशांवर तासन्‌तास ठेवून त्याला कडक करतात. त्याचं जड कातकाम कडक करण्याआधी उरकायचं, शेवटचा हात नंतर.

आता वेल्डची चीर. तुम्ही कातताना गंधकाचं कटिंग ऑइल वापरलं असणार. कातायला ते उत्तमच, पण पुसल्याशिवाय त्यावर वेल्ड मारलात तर गंधक निकेलशी मिळून कमी तापमानाला वितळणारं संयुग करतं. वेल्ड थिजत येतो तेव्हा कणांच्या सीमांवर हे अजून पातळच असतं, आणि आकसण्याच्या ताणाने मधोमध उकलतं. शिशाचंही तसंच. तेल, ग्रीस, रंग, मार्किंगचा खडू, काहीही कडेपासून दोन इंचांपर्यंत राहता कामा नये. ॲसिटोनने पुसा, दुसऱ्या स्वच्छ फडक्याने पुन्हा पुसा. वायर ब्रश स्टेनलेसचा, आणि माइल्ड स्टीलवर कधीही न लावलेला. फिलर वायर निकेल-तांब्याचीच घ्या, ईआरएनआयसीयू-७ या नावाने मागितली की मिळते. प्रीहीट लागत नाही. एक पास झाल्यावर हात लावण्याजोगं होऊ द्या, मग दुसरा.

नट घट्ट करताना आटे धरतील, याची तयारी ठेवा. मोनेलवर मोनेल घासला की चिकटतो. निकेलयुक्त अँटी-सीझ लावा. मॉलीची काळी ग्रीस थंड कामाला चालेल, पण तिच्यातही गंधक असतं. गरम होणाऱ्या व्हॉल्व्हला ती नको.

प्रश्न: आमच्याकडे मोनेल म्हणून येणारा माल कधी चुंबकाला धरतो, कधी धरत नाही. धरणारा खोटा समजायचा का?
— भंगार व्यापारी, कुर्ला

चुंबकावर जाऊ नका. निकेल चुंबकाला धरतं, तांबं धरत नाही, आणि दोन्ही मिसळल्यावर चुंबकत्व कुठल्या तापमानाला संपतं ते मिश्रणावर ठरतं. मोनेल ४०० चं हे तापमान साधारण २० ते ५० अंशांच्या दरम्यान येतं, म्हणजे नेमकं आपल्या गोदामाच्या हवेत. एकाच बारचा तुकडा जानेवारीच्या सकाळी चुंबकाला हलकासा चिकटेल आणि मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली तापल्यावर सोडून देईल. खात्री करायची तर तुकडा बर्फाच्या पाण्यात ठेवून पाहा, मग उकळत्या पाण्यात. थंडीत धरला आणि गरम झाल्यावर सुटला तर मोनेल असण्याची शक्यता वाढली, इतकंच. के-५०० मात्र बर्फातही धरणार नाही. म्हणजे धरणारा खोटा नाही आणि न धरणाराही खोटा नाही.

माझ्या काळात, हातात धरायची मशिनं यायच्या आधी, आम्ही खिळ्याची परीक्षा करायचो, आणि ती आजही चालते. ग्राइंडरने एक जागा उजळ करायची. काचेच्या कांडीने तीव्र नायट्रिक ॲसिडाचा एक थेंब ठेवायचा. मोनेल असेल तर थेंब लगेच फसफसतो आणि हिरवट निळा होतो. आता एक स्वच्छ लोखंडी खिळा घेऊन त्याचं टोक त्या थेंबात धातूवर घासायचं. थोड्या वेळात खिळ्याखाली तांबूस डाग उमटतो: थेंबात विरघळलेलं तांबं लोखंडाने बाहेर काढलं. शुद्ध निकेल असेल तर रंग फिकट हिरवा येतो आणि तांबूस डाग पडत नाही. ३०४-३१६ स्टेनलेस असेल तर थेंब पाण्यासारखा पडून राहतो, त्याला काहीच होत नाही. ही लोट्याच्या उत्तराचीच दुसरी बाजू: ज्या ॲसिडाला क्रोमियमवालं स्टेनलेस दाद देत नाही त्यात मोनेल फसफसतो. हातमोजे, चष्मा आणि पंखा सुरू, नायट्रिकचा लाल धूर छातीला चांगला नसतो. क्युप्रोनिकेलही, म्हणजे तांबं जास्त आणि निकेल कमी असलेला धातू, असाच डाग देतो, तेव्हा ही परीक्षा मोनेल आणि स्टेनलेस वेगळे करायला चांगली, भाव ठरवायला पुरेशी नाही.

भाव ठरवताना एक्स-रेची पीएमआय गन लावा. निकेल, तांबं, लोखंड यांचे आकडे काही सेकंदांत स्क्रीनवर येतात. भाड्याने माणसासकट मिळते. आणि विकत घेणारा कारखाना असेल तर त्याला एन ०४४०० हा मोनेल ४०० चा क्रमांक, मिल टेस्ट सर्टिफिकेट आणि बारवर ठोकलेला हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या एका ओताचा क्रमांक, जुळलेला लागतो. सर्टिफिकेट एका हीटचं आणि माल दुसऱ्याच हीटचा, हा उद्योग मी पुष्कळ पाहिलाय. कागद खरा असतो, लोखंड दुसरं असतं.

प्रश्न: ट्रॉलरच्या पंख्याचा शाफ्ट ३१६ स्टेनलेसचा टाकला. बाहेरून बघितलं तर झकास, ग्लँडच्या, म्हणजे शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या पॅकिंगच्या, आतल्या भागाला मात्र खोल खड्डे. स्टेनलेसला खड्डे कसे? ओळखीचा तांडेल म्हणतो मोनेलचा टाक, आयुष्यभर बघायला नको. मोनेल घेतला तर बोटीवर बाकी काय बदलावं लागेल?
— मच्छीमार, हर्णै

दादा, इथे गणित उलटं होतं. स्टेनलेसचं सगळं बळ क्रोमियमच्या पातळ ऑक्साइडच्या पापुद्र्यात आहे आणि तो पापुद्रा टिकायला त्याला ऑक्सिजन लागतो. बाहेर पाणी वाहतं, ऑक्सिजन मिळतो, म्हणून बाहेर झकास. ग्लँडच्या पॅकिंगखाली पाणी अडून बसतं. तिथला ऑक्सिजन संपतो, मिठातलं क्लोराइड साठत जातं आणि पापुद्रा फाटला की परत जुळत नाही. बोट बंदरात उभी असते त्या दिवसांत हे सगळ्यात जास्त होतं, म्हणजे श्रावण येईपर्यंतच्या बंदीच्या काळात.

मोनेलची भिस्त असल्या पापुद्र्यावर तितकी नाही. वाहत्या समुद्राच्या पाण्यात तो वर्षाला मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागापेक्षाही कमी झिजतो, आणि पाण्याचा वेग वाढला तरी त्याला फरक पडत नाही. पण 'आयुष्यभर' हा शब्द तांडेलाचा, माझा नव्हे. थांबलेल्या पाण्यात, शेवाळ आणि शिंपल्यांच्या खाली, मोनेललाही खड्डे पडतात. एवढंच की ते सुरुवातीला पडतात आणि मग त्यांची वाढ मंदावते. शाफ्टला ४०० पेक्षा के-५०० योग्य, कारण त्याची ताकद बरीच जास्त. किंमत विचारून बसा, उभ्याने ऐकू नका.

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे, कारण तो सहसा कुणी विचारत नाही. १९१५ मध्ये अमेरिकेत 'सी कॉल' नावाची एक शौकीन श्रीमंताची बोट बांधली, जवळपास ६५ मीटर लांब, आणि तिचं अंग मोनेलच्या पत्र्याचं केलं. सांगाडा मात्र पोलादाचा ठेवला. समुद्राच्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यांतला सहज गंजणारा धातू झिजतो आणि दुसरा त्याच्या जिवावर वाचतो. मोनेलचा पत्रा प्रचंड मोठा आणि पोलाद त्यामानाने थोडं, त्यामुळे सगळी झीज त्या थोडक्या पोलादावर आली. काही आठवड्यांतच बोट भंगारात निघाली. पत्र्याला काही झालं नव्हतं.

तुमच्याकडे शाफ्ट लहान आहे, त्यामुळे तितकी धास्ती नको. पंखा चांगल्या काशाचा असेल तर मोनेलच्या शाफ्टशी त्याचं बऱ्यापैकी जमतं, पंखाच थोडा झिजेल आणि तो मोठा असल्याने जाणवणार नाही. पण शाफ्टला टेकणारा एकही बोल्ट, चावी किंवा ब्रॅकेट साध्या लोखंडाचं ठेवू नका. बाकीच्या धातूंऐवजी झिजायला लावलेले जस्ताचे ठोकळे वेळेवर बदला, आणि त्यांना रंग लावू नका. रंगवलेलं जस्त काही कामाचं नाही. आणि इतका खर्च झेपत नसेल तर ३१६ च ठेवा, पण बंदीच्या काळात बोट पाण्यात उभी असेल तर अधूनमधून शाफ्ट फिरवा, ग्लँडमधलं पाणी बदलू द्या, आणि बोट वर ओढाल तेव्हा पॅकिंग काढून तो भाग गोड्या पाण्याने धुवा.

प्रश्न: मुलीने न्यू जर्सीत जुनं घर घेतलंय. स्वयंपाकघरातलं सिंक राखाडी-पिवळट झाकेचं आहे, खाली 'मोनेल' असा शिक्का आहे. काढून स्टेनलेसचं बसवावं का? तिला ते आवडलंय. त्यावर डाग मात्र पडतात.
— एक आई, पुणे

आवडलं असेल तर काढू नका, आणि ते अगदी माहेरच्या गावी आहे. कॅनडात सडबरीच्या खाणीतल्या खनिजात निकेल आणि तांबं साधारण दोनास एक अशा प्रमाणात एकत्रच सापडतं. दोन्ही वेगळं करणं खर्चाचं काम. इंटरनॅशनल निकेल कंपनीतल्या रॉबर्ट स्टॅनलीने १९०५ मध्ये ते वेगळं न करताच त्याचा मिश्रधातू केला. कंपनीचा शुद्धीकरणाचा कारखाना न्यू जर्सीतच, बेयॉनला होता. नाव दिलं कंपनीचे अध्यक्ष अँब्रोज मोनेल यांचं. १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या पेन्सिल्व्हेनिया स्टेशनच्या छपराला याचा पत्रा लावला. पुढे १९२० आणि ३० च्या दशकांत घरोघर मोनेलची सिंकं आली. मग दुसऱ्या महायुद्धात निकेल लष्कराकडे वळलं आणि नंतर स्वस्त स्टेनलेसने बाजार घेतला.

डाग पडतात कारण तांबं आहे. साध्या भांड्याच्या साबणाने धुवावं, लगेच कोरडं पुसावं. डागावर खाण्याच्या सोड्याची पेस्ट, पत्र्यावर मुळात ज्या दिशेने रेषा आहेत त्याच दिशेने चोळायची. ब्लीच ओतून ठेवू नये, मोनेलला ते सोसत नाही, का ते वर आलंच आहे. ताक, लोणचं, चिंचेचं पाणी सांडलं तर रात्रभर तसंच राहू देऊ नका. आंबट आणि हवा दोन्ही एकत्र आले की हिरवट कड उठते. सिंकमध्ये थेट भाजी भिजत घालायची सवय असेल तर भांड्यात घालायला सांगा. बाकी वापराला हरकत नाही.

प्रश्न: चष्म्याच्या काड्या मोनेलच्या आहेत असं दुकानदार अभिमानाने म्हणाला. कानामागे खाज सुटते आणि लाल होतं. गंज न लागणाऱ्या धातूचं असं कसं?
— निवृत्त शिक्षक, सातारा

सर, चष्म्याच्या फ्रेमला मोनेल फार वापरतात, कारण तो छान वाकतो आणि डाखतो. पण त्यात निकेल साठ टक्क्यांच्या वर, आणि कानामागे घाम: मीठ, किंचित आंबटपणा आणि भरपूर हवा. झीज डोळ्याला दिसणार नाही इतकी कमी असते, पण ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे त्यांना तेवढं पुरतं. काडीवरचं लॅकर कुठे उडालंय का ते आधी पाहा. तात्पुरतं म्हणून त्या जागी पारदर्शक नेलपॉलिशचा हात द्या किंवा सिलिकॉनची नळी चढवा, आणि त्वचेच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. पुढची फ्रेम टायटॅनियमची किंवा प्लास्टिकची घ्या. घेताना दुकानदाराला 'निकेल नाही ना' असं स्पष्ट विचारा, कारण नुसतं 'गंजत नाही ना' विचारलंत तर तो पुन्हा मोनेलच काढून दाखवेल.